अभावाचे ज्ञान आणि दोन तारांची बस

आयटूसी बसच्या तारेवर ‘एक’ हा अंक कोणीच पाठवत नाही. तारेला जोडलेल्या प्रत्येक चिपला एकच कृती करता येते: तार खाली ओढून ग्राउंडला टेकवणे. तार ओढली की ‘शून्य’ उमटतो. कोणीही ओढली नाही, तर एक रेझिस्टर तिला वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवतो आणि वाचणाऱ्या चिप त्याला ‘एक’ समजतात. या बसच्या दोन अक्षरांपैकी एक कृतीचे आहे आणि दुसरे कृतीच्या अभावाचे. नसण्याचे ज्ञान होते का, आणि होत असेल तर कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. भाट्ट मीमांसक, प्राभाकर, नैयायिक आणि बौद्ध यांनी त्याला चार निरनिराळी उत्तरे दिली. घट आणि भूतल, म्हणजे घडा आणि जमीन, यांच्या आधाराने चाललेल्या त्या चर्चेला ही बस एक नवे उदाहरण पुरवते. त्यातील बऱ्याच अटी व्होल्ट, ओहम आणि मायक्रोसेकंदांत मोजता येतात, हे त्याचे वैशिष्ट्य.

बसची रचना

नेदरलंड्समधील फिलिप्स कंपनीच्या सेमीकंडक्टर विभागाने ही बस १९८०च्या दशकाच्या आरंभी तयार केली. १९८२ हे तिचे वर्ष मानले जाते. दूरचित्रवाणी आणि ध्वनियंत्रांच्या संचांत एकाच बोर्डावरील अनेक चिपना कमीत कमी तारांनी एकमेकींशी जोडणे, हा मूळ हेतू. सुरुवातीचा वेग सेकंदाला १०० किलोबिट होता. १९९२ साली प्रमाणित तपशील प्रसिद्ध झाला, तेव्हा ४०० किलोबिटचा वेग आणि दहा बिटांचे पत्ते त्यात आले. १९९८ मध्ये ३.४ मेगाबिटचा आणि २००७ मध्ये १ मेगाबिटचा प्रकार जोडला गेला. २००६ साली फिलिप्सचा हा विभाग एनएक्सपी या नावाने स्वतंत्र झाला आणि तपशिलाची देखरेखही त्या कंपनीकडे गेली. आज तापमान मोजणारे सेन्सर, वेळ राखणाऱ्या चिप, लहान मेमरी अशी असंख्य उपकरणे याच पद्धतीने बोलतात. संगणकाला अनेक मॉनिटरची ओळख पटते तीही केबलमधील अशाच दोन तारांमुळे.

यांतील एक तार माहितीची, तिला एसडीए म्हणतात. दुसरी क्लॉकची, तिला एससीएल म्हणतात. दोन्ही तारांना वर धरून ठेवणारे, म्हणजे पुल-अप, रेझिस्टर लावलेले असतात. संभाषण सुरू करणाऱ्या चिपला नियंत्रक म्हणतात. एससीएल वर असताना एसडीए खाली गेली की संभाषणाचा आरंभ होतो आणि एससीएल वर असताना एसडीए वर आली की समाप्ती. एरवी एससीएल वर असेपर्यंत एसडीएने हलायचे नाही, असा नियम आहे.

आरंभानंतर नियंत्रक सात बिटांचा पत्ता पाठवतो आणि आठव्या बिटाने लिहायचे की वाचायचे ते सांगतो. सात बिटांत १२८ पत्ते मावतात. त्यांतील १६ राखीव असल्याने उपकरणांसाठी ११२ उरतात. आठ बिट संपले की नियंत्रक एसडीए सोडून देतो आणि क्लॉकचा नववा ठोका देतो. तो पत्ता ज्या उपकरणाचा असेल, त्याने या ठोक्याला एसडीए खाली ओढायची. ही झाली पोच. तंत्रज्ञ तिला ‘अ‍ॅक’ म्हणतात. तार वरच राहिली तर ‘नॅक’. सगळा तात्त्विक प्रश्न या नवव्या ठोक्यापाशी येऊन थांबतो. तार वर आहे, कोणी ओढलेली नाही. यावरून नियंत्रकाच्या मागे बसलेल्या अभियंत्याला नेमके काय कळले?

अभाव, प्रतियोगी आणि अधिकरण

वैशेषिकांच्या जुन्या यादीत सहा पदार्थ आहेत: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. प्रशस्तपादांनी विवेचन केले ते याच सहांचे. अभाव हा सातवा पदार्थ म्हणून नंतर स्थिरावला. शिवादित्याच्या ‘सप्तपदार्थी’ या ग्रंथाच्या नावातच ही संख्या आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे न्यायाच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या पुस्तकात, अभावाचे चार प्रकार येतात. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, एखाद्या ठिकाणी ती कधीच नसणे हा अत्यंताभाव आणि एक वस्तू दुसरी नसणे हा अन्योन्याभाव.

नैयायिकांचा आग्रह असा की नुसते ‘नाही’ असे ज्ञान होतच नाही. ‘भूतलावर घट नाही’ या ज्ञानात घट हा अभावाचा प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव आहे तो, आणि भूतल हे अधिकरण, म्हणजे जिथे अभाव आहे ती जागा. या दोहोंवाचून अभावाला आकार येत नाही.

बसवर या आग्रहाची गरज स्पष्ट दिसते. एसडीए वर असण्याला किमान तीन अर्थ आहेत. संभाषण चालू नसताना ती वर असते, तेव्हा बस मोकळी आहे असे कळते. पहिल्या आठ बिटांत ती वर असेल, तर बोलणाऱ्याने मुद्दाम सोडून ‘एक’ सांगितला आहे. नवव्या ठोक्याला ती वर असेल, तर पोच आलेली नाही. तिन्ही वेळा व्होल्टेज तेच आणि तारही तीच. फरक पडतो तो कोणाच्या ओढण्याची अपेक्षा होती यामुळे. पहिल्या प्रसंगी प्रतियोगी आहे कोणाचेही ओढणे, दुसऱ्या प्रसंगी बोलणाऱ्याचे ओढणे, तिसऱ्या प्रसंगी ऐकणाऱ्याचे. अधिकरण एकच राहूनही प्रतियोगी बदलला की अभाव बदलतो, हे नव्यन्यायाच्या परिभाषेत अनेक पाने घेऊन सांगितलेले तत्त्व इथे एका तारेवर दिसते.

प्राभाकरांचे म्हणणे

प्रभाकराचे अनुयायी अभाव हा वेगळा पदार्थ मानत नाहीत. घट नसलेले भूतल म्हणजे केवळ भूतल. त्याचे ज्ञान झाले की आणखी काही जाणायचे उरत नाही. म्हणून ते पाच प्रमाणांवर थांबतात आणि अभावासाठी सहावे प्रमाण नाकारतात.

विद्युत्‌शास्त्राच्या बाजूने या मताला आधार आहे. वर असलेल्या तारेत खरोखर काहीच नाही असे नसते. रेझिस्टरमधून आलेले व्होल्टेज तिथे असते, ते मीटरवर दिसते. ‘एक’ ही तारेची स्वतःची विश्रांत अवस्था आहे. अभाव नावाचे काही तारेवर वेगळे सापडत नाही. बसचा भौतिक हिशेब प्राभाकरांच्या पद्धतीने पूर्ण होतो.

ज्ञानाचा हिशेब मात्र त्या पद्धतीने पूर्ण होत नाही. केवळ तार जाणली की सगळे जाणले असे असते, तर वरच्या तीन प्रसंगी एकच ज्ञान व्हायला हवे होते. होतात तीन वेगळी ज्ञाने. शिवाय प्रतिपक्ष विचारतो की घट असतानाही भूतल असतेच, मग ‘केवळ’ या शब्दाने कशाची भर घातली? घटाच्या अभावाची, असे उत्तर दिले तर ज्याला नाकारले तोच मागच्या दाराने परत आला. बसच्या बाबतीत हा आक्षेप निर्णायक ठरतो. तारेच्या अवस्थेबरोबर अपेक्षाही जाणावी लागते, आणि अपेक्षा ही तारेचा गुणधर्म नाही.

कुमारिलांचे सहावे प्रमाण

सातव्या शतकातील कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त अभावाला स्वतंत्र प्रमाण मानले; पुढच्या परंपरेत त्याला अनुपलब्धी हे नाव रूढ झाले. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती ही पाच प्रमाणे जिथे वस्तूची सत्ता दाखवत नाहीत, तिथे त्या वस्तूचा अभाव या सहाव्या प्रमाणाने कळतो. इंद्रियांचा संबंध असलेल्या वस्तूंशी येतो. नसलेल्या वस्तूशी तो येणार कसा, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे.

त्यांचा एक युक्तिवाद विशेष बारकाईचा आहे. कोणी एखादी जागा पाहून निघून जातो. तिथे असताना अमुक माणूस नाही हा विचारही त्याच्या मनात आलेला नसतो. नंतर दुसरीकडे कोणी विचारते, तो माणूस तिथे होता का? तेव्हा तो आठवून सांगतो, नव्हता. या क्षणी त्या जागेशी त्याच्या डोळ्यांचा संबंध नाही आणि पूर्वी अभावाचे ज्ञान झालेले नसल्याने ही अभावाची आठवणही नव्हे. अभाव कळला तो आत्ता. म्हणून तो प्रत्यक्षाने कळला असे म्हणता येत नाही.

बस दुरुस्त करणाऱ्यांचा अनुभव याला जुळतो. लॉजिक अ‍ॅनालायझर नावाचे यंत्र दोन्ही तारांच्या चढ-उतारांची नोंद करून ठेवते. काल घेतलेली नोंद आज उघडून अभियंता शोधतो की अमुक पत्त्याला पोच आली होती का. नोंद घेताना हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. नोंदीत ‘अभाव’ नावाची खूण नाही. आहेत फक्त तारेच्या अवस्था. प्रश्न आज विचारला गेला आणि उत्तर आज मिळाले. अभावाचे ज्ञान प्रश्नाबरोबर जन्मते, हा कुमारिलांच्या युक्तिवादाचा गाभा इथे टिकतो.

नैयायिक मात्र सहावे प्रमाण मानत नाहीत. त्यांच्या मते भूतल डोळ्यांनी दिसते आणि घटाभाव हा त्या भूतलाचे विशेषण म्हणून त्याच प्रत्यक्षात कळतो. अनुपलब्धी ही त्या ज्ञानाची साहाय्यक, स्वतंत्र साधन नव्हे. नववा ठोका चालू असताना पडद्यावर तार वर राहिलेली पाहणाऱ्याला हे वर्णन अधिक स्वाभाविक वाटेल. जुनी नोंद वाचणाऱ्याला कुमारिलांचे पटेल. वर्गीकरणाचा हा वाद बसच्या आधारे मिटत नाही. मात्र दोन्ही पक्ष एक अट समान मानतात आणि बसचे खरे महत्त्व त्या अटीपाशी आहे.

योग्यतेची अट

ती अट योग्यतेची. केवळ न दिसण्याने अभाव सिद्ध होत नाही; दिसण्याजोगे असूनही न दिसणे लागते. धर्मराज अध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’त, म्हणजे अद्वैत वेदान्ताच्या सतराव्या शतकातील पाठ्यग्रंथात, योग्यतेची कसोटी एका प्रतिप्रश्नाच्या रूपात येते: इथे घट असता तर तो भूतलासारखाच दिसला असता का? उजेड असेल तर उत्तर होकारार्थी, म्हणून घटाभाव कळतो. अंधारात उत्तर नकारार्थी, म्हणून न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. धर्म आणि अधर्म हे तर स्वभावतःच न दिसणारे, म्हणून ते दिसत नाहीत यावरून ते नाहीत असे म्हणता येत नाही.

बसवरील ‘उजेड’ काही घटकांनी बनतो आणि प्रत्येकाचे माप ठरलेले आहे. पहिला घटक पुल-अप रेझिस्टर. तो नसेल तर सोडलेली तार वर येण्याची खात्री राहत नाही. ती अधांतरी राहते किंवा खालीच पडून असते. मग सॉफ्टवेअरने थेट तारा हलवणाऱ्या साध्या नियंत्रकाला प्रत्येक पत्त्यावर पोच आल्याचा भास होऊ शकतो. नसलेली सगळी उपकरणे आहेत असे दिसू लागते. रेझिस्टर फार लहानही चालत नाही. पाच व्होल्टच्या बसवर, ३ मिलिअँपियर प्रवाह ओढून तार ०.४ व्होल्टपर्यंत खाली आणायची असेल, तर तो सुमारे १,५०० ओहमपेक्षा मोठा लागतो. नाहीतर खरोखर ओढणाऱ्या चिपलाही तार पुरेशी खाली आणता येत नाही. असणे दिसत नाही आणि नसणेही सिद्ध होत नाही.

दुसरा घटक वेळ. प्रत्येक तारेला थोडा कपॅसिटन्स असतो. तपशिलात त्याची कमाल ४०० पिकोफॅरड सांगितली आहे. सोडलेली तार एका क्षणात वर येत नाही, रेझिस्टरमधून हा कपॅसिटन्स भरत ती चढते. १०० किलोबिटच्या बसवर या चढणीला १ मायक्रोसेकंद आणि ४०० किलोबिटच्या बसवर ३०० नॅनोसेकंद इतकीच मुभा आहे. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरड झाला, तर चढणीला सुमारे १.६ मायक्रोसेकंद लागतात. दोन्ही मर्यादा मोडल्या. वेगवान बसवर तार अर्ध्या वाटेत असतानाच ती वाचली जाते आणि अभाव भाव म्हणून वाचला जातो.

तिसरा घटक पलीकडच्या उपकरणाची स्थिती. लहान मेमरी चिपना लिहायला दिलेला मजकूर आत कायम करण्यासाठी वेळ लागतो, अनेक चिपमध्ये साधारण ५ मिलिसेकंदांपर्यंत. तेवढ्या काळात चिप कोणत्याही हाकेला पोच देत नाही. ती बोर्डावर आहे आणि निरोगी आहे, फक्त गप्प आहे. म्हणून नियंत्रक पुन्हा पुन्हा पत्ता पाठवत राहतो आणि पोच आली की काम संपले असे समजतो. या वापरात पोच न येणे म्हणजे ‘उपकरण नाही’ नव्हे. ‘अजून झाले नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

आयटूसीच्या अधिकृत तपशिलात नॅकची पाच कारणे दिली आहेत. त्या पत्त्याचे उपकरण बसवर नसणे. असूनही दुसऱ्या कामात गुंतलेले असणे. आलेली आज्ञा त्याला न समजणे. आणखी माहिती घेण्यास जागा नसणे. आणि वाचणाऱ्या नियंत्रकानेच ‘आता पुरे’ असे सांगणे. तारेवरची खूण एक, कारणे पाच. यांतील पहिल्याच कारणात वस्तूचा अभाव आहे. उरलेल्या चारांत वस्तू आहे, पोच नाही. पोचेचा अभाव आणि पोच देणाऱ्याचा अभाव यांतील हे अंतर तारेवरून मोजता येत नाही. ते संदर्भाने भरून काढावे लागते.

बौद्धांचा सावधपणा

बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने अनुपलब्धीला प्रमाण म्हणून वेगळे ठेवले नाही. अनुमानाच्या तीन हेतूंपैकी तो एक हेतू ठरवला आणि ‘न्यायबिंदू’त त्याचे अकरा प्रकार सांगितले. त्याच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा असा की दिसण्याजोगी वस्तू न दिसल्याने जे सिद्ध होते, तो ‘नाही’ असा व्यवहार. वस्तू नाही असे धरून बोलावे, वागावे, पुढे जावे, एवढा अधिकार त्या अनुपलब्धीने मिळतो.

यंत्रे नेमकी अशीच वागतात. नॅक आल्यावर नियंत्रक समाप्तीची खूण देतो किंवा नव्याने आरंभ करतो. उपकरण खरोखर आहे की नाही याचा निवाडा तो करत नाही. लिनक्सच्या दस्तऐवजातही हाच सावधपणा आहे. पत्त्याला पोच न आल्यास जो त्रुटीसंकेत मिळतो, त्याचे स्पष्टीकरण असे की उपकरण तात्पुरते उत्तर देत नसेलही, पण बहुधा त्या पत्त्यावर कोणी ऐकणारे नसते. ‘बहुधा’ या शब्दाने सत्तेचा दावा व्यवहाराच्या पातळीवर आणून ठेवला आहे.

सर्वांचा अभाव आणि एकाचा भाव

बसवरील भाव आणि अभाव सारख्या ताकदीचे नाहीत. तार वर आहे याचा अर्थ जोडलेल्यांपैकी कोणीही ओढत नाही. हे विधान सर्वांविषयी आहे. तार खाली आहे याचा अर्थ कोणीतरी ओढत आहे; कोण आणि किती जण, ते त्यातून कळत नाही. वेळ राखणारी डीएस१३०७ ही चिप आणि हालचाल मोजणारी एमपीयू-६०५० ही चिप यांचा पत्ता मूळ जोडणीत एकच आहे, हेक्साडेसिमल पद्धतीत ६८. दोन्ही एका बसवर बसवल्या तर नवव्या ठोक्याला दोघी एकदम तार ओढतात आणि नियंत्रकाला दिसते ती एकच पोच. अस्तित्व कळले, ओळख आणि संख्या हरवली.

नव्यन्यायात सामान्याभाव आणि विशेषाभाव असा भेद करतात. ‘घट नाही’ यात घटमात्राचा अभाव असतो. ‘हा घट नाही, तो घट नाही’ अशी कितीही यादी केली तरी ती त्याच्या बरोबरीची होईलच असे नाही. मोकळ्या बसवर वर असलेली तार सामान्याभाव एका नजरेत दाखवते. पत्ते तपासणारे सॉफ्टवेअर मात्र ११२ पत्त्यांना एकेक करून हाक मारते आणि विशेषाभावांची यादी गोळा करते. त्या यादीतून ‘बसवर कोणीच नाही’ असे म्हणायचे, तर आणखी एक गृहीत लागते: जे आहे ते यांपैकीच एखाद्या पत्त्यावर असणार.

जिथे योग्यता अजिबात नसते असा प्रसंगही याच बसवर घडतो. दोन नियंत्रकांनी एकाच क्षणी बोलायला सुरुवात केली, तर प्रत्येक जण आपण सोडलेली तार खरेच वर आली का हे पाहतो. ज्याने ‘एक’ म्हणून सोडली आणि ती खाली दिसली, तो दुसऱ्याचे अस्तित्व ओळखून माघार घेतो. जिंकणाऱ्याला मात्र स्पर्धा झाली होती हे कळतच नाही. दोघांचा संदेश शेवटच्या बिटापर्यंत एकच असेल, तर दोघेही तो पूर्ण करतात आणि कोणालाच दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. ‘मला कोणी आडवे आले नाही, म्हणून मी एकटा होतो’ हे अनुमान इथे चूक ठरते, कारण समान बोलणारा दुसरा असता तरी तो दिसला नसता.

योग्यता घडवणारे आणि मोडणारे नियम

योग्यता ही वस्तूच्या स्वभावातून येते तशी नियमातूनही घडवता येते. इंटेलने १९९५ मध्ये पुढे आणलेल्या एसएमबस या भावंड पद्धतीत उपकरणाने स्वतःच्या पत्त्याला नेहमी पोच द्यावी, असा दंडक आहे. कामात असेल तर त्याने पुढच्या टप्प्यावर नकार द्यावा, पण पत्त्याला गप्प राहू नये. बॅटरीसारखे काढघाल होणारे उपकरण जागेवर आहे का, हे ओळखण्यासाठीच हा दंडक केला आहे. त्याच पद्धतीत क्लॉकची तार कोणी धरून बसले, तर २५ ते ३५ मिलिसेकंदांत उपकरणाने ती सोडून पूर्वस्थितीत यावे लागते. पत्त्याला पोच नाही, म्हणजे उपकरण नाही, हे विधान आयटूसीवर संशयास्पद होते. एसएमबसने एका नियमाने त्याला बळ दिले.

उलट दिशेचे उदाहरण २०१२ साली तपशिलात आलेल्या पाच मेगाबिटच्या अतिवेगवान प्रकाराचे. वेगासाठी त्यात संवाद एकमार्गी केला. उपकरणाला तार ओढण्याची परवानगीच नाही. नववा ठोका आहे, पण त्या वेळी तार नेहमी वरच असते. या बसवर पोच येत नाही यावरून काहीही कळत नाही. जिथे ‘आहे’ असे उत्तर येण्याची वाट नाही, तिथे उत्तर न येणे हा पुरावा होत नाही.

यंत्राला ज्ञान होते, असे यातून म्हणायचे नाही. न्यायदर्शनात ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. चिपच्या स्टेटस रजिस्टरमधील बिट हे फार तर ज्ञानाचे साधन. बसने पुरावा कसा उभा राहतो एवढे दाखवले. तो पुरावा वाचणारा माणूसच.

ईश्वराच्या अभावाचा प्रश्न

दर्शनांत योग्यतेची अट सर्वांत कस लागेल अशा ठिकाणी वापरली गेली, ती ईश्वराच्या वादात. ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही, हा चार्वाकाचा युक्तिवाद. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, त्याला उत्तर दिले. न दिसणे एवढ्यानेच अभाव ठरत असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती नाहीत असे धरून ऊर बडवत शोक करावा लागेल. ईश्वर मुळात प्रत्यक्षाला योग्य नाही. म्हणून त्याची अनुपलब्धी त्याचा अभाव सिद्ध करू शकत नाही.

बसच्या भाषेत सांगायचे, तर चार्वाक नॅकच्या पाच कारणांपैकी पहिलेच कारण गृहीत धरतो आणि उदयन उरलेल्यांची आठवण देतात. इथवर उदयनांचा तर्क निर्दोष आहे. पण त्याची किंमतही मोजावी लागते. ज्या वस्तूला पोच देण्याची वाटच ठेवलेली नाही, तिचा अभाव न दिसण्याने सिद्ध होत नाही, तशीच तिची सत्ताही त्या वाटेने सिद्ध होत नाही. अतिवेगवान बसवरील उपकरण आहे असे म्हणायचे तर दुसरा पुरावा आणावा लागतो. उदयनांना याची पूर्ण जाणीव होती. म्हणून ते अनुपलब्धीचे खंडन करून थांबले नाहीत. पाचव्या स्तबकात जगताच्या कार्यत्वापासून आरंभ करून त्यांनी ईश्वराची स्वतंत्र अनुमाने मांडली. ती अनुमाने मीमांसकांना आणि बौद्धांना मान्य झाली नाहीत, हा पुढचा वाद. ज्यांनी योग्यानुपलब्धीला प्रमाणाचा दर्जा दिला, ते कुमारिलही जगत्कर्ता ईश्वर मानत नव्हते. पण त्यासाठी त्यांनी कर्तृत्वाच्या कल्पनेतील विसंगती दाखवण्याचा मार्ग घेतला.

यावरून वादाचा निवाडा असा करता येतो. अभाव हा वेगळा पदार्थ आहे की केवळ अधिकरण, आणि त्याचे ज्ञान सहाव्या प्रमाणाने होते की प्रत्यक्षाने की अनुमानाने, या प्रश्नांवर दर्शने वेगळी राहिली आणि बसचे उदाहरणही त्यांना एकत्र आणत नाही. त्यांच्यातील भाट्ट, नैयायिक, बौद्ध आणि अद्वैती यांचे एकमत ज्या अटीवर आहे, ती मात्र या उदाहरणात पूर्ण सिद्ध होते. ‘नाही’ असे म्हणणाऱ्याने आधी दाखवले पाहिजे की असते तर ते कोणत्या खुणेने, किती वेळात आणि कोणाला कळले असते. ही जबाबदारी उपकरण सापडत नाही म्हणणाऱ्या अभियंत्यावर जेवढी आहे, तेवढीच ईश्वर नाही म्हणणाऱ्या नास्तिकावर आहे. आणि ज्याची कोणतीच खूण संभवत नाही असे सांगून आपला पक्ष सुरक्षित ठेवणाऱ्या आस्तिकाला दुसरा पुरावा देण्यापासून सुटका नाही.